मागच्या कार्डात लिहिल्याप्रमाणे

आमच्या घरात पणजोबांच्या नावानं आलेली एकोणचाळीस पोस्टकार्डं आहेत. पणजोबा शाहूपुरीत एका गुळाच्या अडतीवर दिवाणजी होते. कार्डं सगळी मोडीत, त्यामुळे गेली साठेक वर्षं ती कुणी वाचली नव्हती. वाचली नाहीत म्हणूनच टाकलीही गेली नाहीत, असं मला वाटतं. वाचता येत नाही ते महत्त्वाचं असेल या भीतीनं माणसं कागद सांभाळतात.

दोन वर्षांपूर्वी मी रविवारच्या मोडी वर्गाला जायला लागलो. दिवसभर कोड लिहिणाऱ्या माणसाला नवी लिपी शिकणं फार अवघड जाणार नाही, असा माझा समज होता. तो पहिल्या तीन रविवारांत गेला. पाचव्या महिन्यात मी पहिलं कार्ड सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचलं. निपाणीहून पणजोबांच्या थोरल्या भावाचं. नमस्कार, खुशाली, तंबाखूचा भाव, आणि मग एक ओळ: मागील कार्डात लिहिल्याप्रमाणे करू नये, समक्ष बोलू.

मागील कार्ड गठ्ठ्यात नाही. किंवा असेल, पण ते कोणतं हे ओळखायला तारीख लागते, आणि या कार्डावर फक्त ‘वैशाख वद्य ३ गुरुवार’ एवढंच आहे. शक लिहिलेला नाही. पोस्टाचा शिक्का आहे, पण त्यातलं साल नेमकं शाईत बुडालंय.

काय करू नये? आजीला विचारलं. ती म्हणाली, “तुज्या पणज्यानं निपाणीचं काय बी घेतलं न्हाई, येवडंच आयकलंय मी. फुडं येनंजानं बी ऱ्हायलं न्हाई.” म्हणजे दोन पिढ्या बंद पडलेलं नातं, आणि त्याचं कारण बहुधा एका कार्डात होतं, जे मागं घेतलं ते दुसऱ्या कार्डात. मागं घेणारं आमच्याकडं आहे. घेतलं काय, ते नाही.

या एका ओळीमागं लागून मी मराठ्यांच्या पत्रव्यवहाराच्या इतिहासात शिरलो. तिथं दिसलं की माझा प्रश्न फार जुना आहे, आणि तो सोडवण्यात आमच्या कोल्हापूर-मिरज भागातल्या दोन मास्तरांनी हयात घातली आहे.

*

अठराव्या शतकातलं मराठी पत्र हे आजच्या चॅटपेक्षा पुष्कळ शिस्तीचं प्रकरण होतं. पत्राच्या सुरुवातीला कोण कुणाला लिहितो ते मायन्यातच ठरायचं: तीर्थरूप, राजश्री, विनंती, विज्ञापना, आज्ञा, यांतला कोणता शब्द येतो त्यावरून नातं आणि दर्जा कळे. मग ‘आपण पत्र पाठविले ते पावले, लिहिला मजकूर सविस्तर कळला’ अशी पोच. आणि इथं खरी गंमत आहे. चांगला कारकून नुसती पोच देऊन थांबत नसे. समोरच्यानं काय लिहिलं होतं ते तो थोडक्यात पुन्हा लिहायचा, मग त्यावर आपलं उत्तर. पुढचा मुद्दा, पुन्हा त्यांचं म्हणणं, पुन्हा आपलं उत्तर. मूळ पत्र वाटेत हरवलं तरी उत्तरात त्याचा सांगाडा शिल्लक राहील अशी ही सोय. आज इतिहासकार हरवलेल्या पत्रांबद्दल बोलू शकतात ते बऱ्याचदा या सवयीच्या जिवावर.

पत्र आलं की मिळाल्याची तारीख त्यावर टिपली जाई, तिला पैवस्ती म्हणत. लिहिल्याची तारीख आत, पोचल्याची तारीख बाहेर. म्हणजे एका पत्रावर दोन काळ. जासूद किती दिवस वाटेत होता, मधे कुणी अडवलं का, नदीला पाणी होतं का, हे सगळं त्या दोन आकड्यांच्या वजाबाकीत असतं. शेवटी लेखनसीमेचा शिक्का: इथं मजकूर संपला, याखाली कुणी काही घुसडू नये. कागदाचे लांबट तुकडे, म्हणजे बंद, एकाखाली एक चिकटवून मोठं पत्र तयार करत, आणि महत्त्वाच्या कागदांवर त्या जोडांवरही शिक्के मारत. मधला बंद काढून दुसरा लावला तर शिक्का जुळणार नाही. संभाषणाचा धागा तुटू नये आणि त्यात कुणी गाठ मारू नये, याची एवढी काळजी घेणारी ही व्यवस्था.

तरीही धागा तुटायच्या जागा होत्याच. सगळ्यात वाईट म्हणजे पुरवणी. मुख्य पत्रात मानपान, कुशल, आणि दरबारात मोठ्यानं वाचून दाखवता येईल एवढाच मजकूर. खरी गोष्ट वेगळ्या चिठोऱ्यावर, ती पुरवणी. पुरवणीला पुष्कळदा धड मायना नसतो, तारीख नसते, कधी नावही नसतं, कारण ती मुख्य पत्राच्या पोटातच जाणार असते. शंभर वर्षांनी रुमाल सोडला, कागद खाली-वर झाले, की मुख्य पत्र एकीकडं आणि पुरवणी दुसरीकडं. एका हातात सगळा शिष्टाचार, दुसऱ्या हातात सगळं गुपित, आणि दोन्ही एकमेकांचे आहेत हे सांगणारं कुणी नाही.

दुसरी जागा म्हणजे घर. पत्र ज्याला जातं त्याच्याकडं राहतं. पटवर्धनांच्या दफ्तरात पटवर्धनांना आलेली पत्रं असणार. त्यांनी लिहिलेली पत्रं ज्यांना लिहिली त्यांच्या घरी. मसुदा किंवा नक्कल ठेवली असेल तरच दुसरी बाजू मिळते. भाऊबंद दोन ठिकाणी सरदारकी करत असले तर आपसांतली पत्रं एका घराण्यात जमतात, हे खरं. पण शत्रूशी झालेलं बोलणं जवळजवळ नेहमी अर्धंच सापडतं. फोनवर बोलणाऱ्या माणसाशेजारी बसून फक्त त्याचंच बोलणं ऐकावं, तसं.

आणि तिसरी जागा तारीख.

*

पेशवाईतल्या पत्रावर तारीख असते ती अशी: छ १२ रमजान. ‘छ’ म्हणजे चंद्र. महिने हिजरी, मराठी तोंडात बसलेले: मोहरम, सफर, रबिलावल, रबिलाखर, जमादिलावल, जमादिलाखर, रजब, साबान, रमजान, सवाल, जिल्काद, जिल्हेज. पेशवे ब्राह्मण, कारकून बहुतेक ब्राह्मण, पत्राच्या माथ्यावर श्री, आणि तारीख हिजरी महिन्याची. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं; दफ्तराची ती रीत होती. साल द्यायचं झालं तर सुहूर सन, तोही अरबी आकड्यांच्या शब्दांत. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार: ११६१. त्यात जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढं ६०० मिळवले की इसवी सन येतो. म्हणजे १७६०–६१, पानिपतचं वर्ष.

सनदेवर किंवा हुकमावर साल असतं. पण रोजच्या खाजगी आणि राजकीय पत्रांत ते बहुतेक वेळा नसतंच. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला कोणतं वर्ष चालू आहे ते माहीत होतं! आपण तरी “उद्या भेटू” लिहिताना साल कुठं घालतो?

आता यातला गुंता बघा. हिजरी वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, सुहूर वर्ष सूर्य मृग नक्षत्रात जाईल तेव्हा सुरू होणारं, म्हणजे ३६५ दिवसांचं. शेतीच्या वसुलीला तेच सोयीचं. त्यामुळे हिजरी महिने दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी मागं सरकत जातात आणि सुमारे ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतात. एवढंच नाही, एकाच सुहूर वर्षात एखादी हिजरी तारीख सुरुवातीला एकदा आणि शेवटी पुन्हा एकदा येऊ शकते. म्हणजे साल मिळालं तरी वर्षाच्या टोकाच्या त्या दहा-अकरा दिवसांत जपून पाऊल टाकायचं.

सुटकेची वाट हिंदू पंचांगातून जाते, आणि ती मला सापडली तेव्हा मी ऑफिसात चालू मीटिंगमध्ये कागदावर आकडे मांडत बसलो होतो. हिजरी महिना चंद्रदर्शनानं सुरू होतो, आपला चांद्रमास अमावास्येनंतर. म्हणजे शुद्ध द्वितीयेच्या आसपास हिजरी पहिली तारीख. तिथी आणि ‘छ’ यांच्यात जेमतेम एका आकड्याचा फरक. पण आपण अधिक महिना धरतो, हिजरीत तो नाही. त्यामुळे कोणता हिजरी महिना कोणत्या हिंदू महिन्याबरोबर चालतो हे दर अडीच-तीन वर्षांनी एक घर सरकतं. पानिपतच्या साली पौषाबरोबर जमादिलाखर चालू होता आणि पुढं चैत्राबरोबर रमजान. तोच रमजान १७८० च्या आसपास भाद्रपदाबरोबर येतो. त्याआधी अशी गाठ पडली होती ती १७४८ च्या आसपास.

आता समजा तुमच्या हातात साल नसलेलं पत्र आहे, वर ‘छ’ रमजान, आणि आत कुठंतरी ‘येथे गणपतीचा उत्सव चालू आहे’ अशा अर्थाचं वाक्य. संपलं. शतकातली बाकीची वर्षं गळून पडली, उरली दोन-तीन वर्षांची मोजकी झुपकी. पत्र मिरजकर पटवर्धनांना त्यांच्या मिरजेच्या किल्ल्यात आलेलं असेल तर १७४८ चा झुपका आपोआप बाद, कारण तेव्हा मिरज त्यांच्याकडं नव्हतीच. राहिलं इंग्रजांशी चाललेल्या पहिल्या युद्धाचं साल. वार लिहिला असेल तर तेवढ्यातलंही एकच वर्ष शिल्लक राहतं. सण, वार, पाऊस, ज्वारीचा भाव, कुणाचं लग्न, कुणाचं सुतक: इतिहासकारानं ज्या गोष्टी गाळून पुढं जावं असं आपल्याला वाटतं, त्याच गोष्टींवर राजकारणाची तारीख टांगलेली असते.

*

पण हे जुळवायला हाताशी कोष्टक पाहिजे. प्रत्येक पत्रासाठी अधिक महिने मोजत बसलं तर आयुष्य पुरणार नाही. ते कोष्टक कोल्हापुरात तयार झालं, हे मला कोल्हापुरात जन्मून सत्तावीस वर्षं माहीत नव्हतं.

बाळाजी प्रभाकर मोडक हे राजाराम कॉलेजात विज्ञान शिकवत. जन्म १८४७ चा. रसायनशास्त्र, पदार्थविज्ञान हे विषय मराठीत आणण्यासाठी त्यांनी पुस्तकं लिहिली. मराठीत विज्ञान लिहिणाऱ्या सुरुवातीच्या माणसांत त्यांचं नाव घ्यावं लागतं. शिवाय कोल्हापूर आणि कर्नाटक प्रांतातल्या संस्थानांचा इतिहास, दक्षिणेतल्या मुसलमानी राज्यांचा इतिहास. आणि १८८९ मध्ये जंत्री: १७२८ पासून १८८९ पर्यंत, शके १६५० ते १८११, वेगवेगळ्या कालगणनांचा मेळ घालणारी. कथा नाही, मत नाही, पानामागून पान नुसते आकडे. १६१ वर्षांतली हवी ती तारीख काढा आणि समोरच्या रकान्यात बघा.

रसायनशास्त्राच्या मास्तरानं हे का करावं? मला वाटतं, रसायनशास्त्राचा मास्तर होता म्हणूनच केलं. ज्याला मोजमापाची सवय आहे त्याला साल नसलेली पत्रं बघून झोप लागणार नाही. आमच्या धंद्यात अशी माणसं असतात. सगळ्या टीमला नवं काहीतरी बनवायचं असतं, आणि हा एकटा कोपऱ्यात बसून सगळ्या नोंदींच्या वेळा एका मापात आणत असतो. त्याचं नाव कुठं येत नाही, पण तो गेल्यावर कुणाचं काही जुळत नाही. मोडकांच्या जंत्रीचं थोडं तसंच झालं. तिच्या आधारावर इतिहास लिहिणाऱ्यांची नावं रस्त्यांना आहेत.

दुसरे मास्तर मिरजेचे. वासुदेवशास्त्री खरे, जन्म १८५८, गाव गुहागर. मिरजेच्या हायस्कुलात संस्कृत शिकवायचे, कविता आणि नाटकं लिहायचे. मिरजेत पटवर्धनांचं दफ्तर होतं आणि शास्त्रीबुवांना ते वाचायची गोडी लागली. शाळा सुटल्यावर रुमाल सोडायचे, मोडी वाचायची, बाळबोधीत उतरवायची, तारीख बसवायची. १८९७ पासून त्यांनी ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ काढायला सुरुवात केली. ते १९२४ मध्ये वारले तोवर बारा भाग झाले होते. पुढचे त्यांच्या मुलानं काढले.

या लेखसंग्रहातलं एकेक पत्र वेगळं वाचलं तर कंटाळा येतो. अमक्याची फौज तमक्या गावी उतरली, पैशाची ओढ आहे, वैरण महाग. पण शास्त्रीबुवांनी ती क्रमानं लावली आणि मधे मधे स्वतः सांगत गेले की आता काय चाललंय, हा माणूस कोण, हे कशाबद्दल बोलतात. पानिपतच्या आसपासपासून पेशवाईच्या उतरणीपर्यंतचं एक सलग बोलणं उभं राहतं. काका पुतण्याला समजावतो, पुतण्या रुसतो, पुण्याहून वकील लिहितो की नाना फडणीसांचा रोख असा असा आहे. आठ दिवसांपूर्वी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दहा पानांनंतर येतं आणि तोवर परिस्थिती बदललेली असते, हे वाचणाऱ्याला दिसतं. लिहिणाऱ्याला माहीत नसतं. तारखा बसवल्या नसत्या तर हे नाट्य दिसलंच नसतं.

एक तक्रार मात्र कोल्हापूरकर म्हणून नोंदवतो. पटवर्धन आणि कोल्हापूरचे छत्रपती यांचं वैर जुनं. १७९९ मध्ये परशुरामभाऊ पटवर्धन मारले गेले ते पट्टणकुडीला, कोल्हापूरकरांशी लढतानाच. खऱ्यांच्या भागांत या वैराची पटवर्धनांकडची बाजू तपशिलानं आहे, आणि त्या पत्रांत कोल्हापूरकर म्हणजे लूटमार करणारे, शब्द न पाळणारे उपद्रवी लोक. त्यात नवल नाही, ती पटवर्धनांना आलेली पत्रं आहेत. पण महाराष्ट्रानं हा इतिहास शिकला तो प्रामुख्यानं छापलेल्या बाजूवरून. कोल्हापूरची बाजू छापायला फार उशीर झाला. शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये निघालं, त्याचे पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार स्वतः इतिहासाचे, त्यांनी ‘ताराबाईकालीन कागदपत्रे’ हाती घेतली. म्हणजे खऱ्यांच्या पहिल्या भागानंतर साठ-सत्तर वर्षांनी. भांडणात जो आधी बोलतो त्याचं ऐकलं जातं, हे घरात खरं असतं तसं दफ्तरातही.

*

खरे आणि त्यांच्या पिढीचे वि. का. राजवाडे खाजगी घरांच्या माळ्यांवर का फिरत होते, याचं उत्तर पुण्यात आहे. पेशव्यांचं मूळ दफ्तर इंग्रजांच्या ताब्यात होतं आणि संशोधकांना ते सहजी उघडं नव्हतं. शिवाय ते आता पेशव्यांनी लावलं होतं तसं राहिलं नव्हतं. १८५२ च्या कायद्यानं इनाम कमिशनला जोर आला. कुणाची जमीन खरंच इनाम आहे आणि कुणाकडून सारा वसूल करायचा, हे कमिशनला बघायचं होतं. त्या कामाला जे कागद लागतात त्यांना महत्त्व, त्याप्रमाणे लावणी. त्या कचेरीचं नावच पुढं एलियनेशन ऑफिस झालं. कोण कुणाशी काय बोललं हा या लावणीचा प्रश्न नव्हता. कोणत्या गावावर कुणाचा हक्क हा होता. आपल्या जागी ही पद्धत बरोबर आहे. पण एकदा कागद गाव आणि हक्कानुसार लावले की पत्राचं उत्तर त्याच्या शेजारी असेलच याची खात्री गेली.

हे दफ्तर इतिहासासाठी उघडलं ते १९३० च्या सुमारास. जदुनाथ सरकारांनी पाठपुरावा केला, गोविंद सखाराम सरदेसाई यांनी निवड केली, आणि १९३० ते १९३४ या काळात ४५ खंड निघाले. एवढ्या थोड्या वर्षांत एवढं काम! आजच्या सरकारी प्रकाशनांचा वेग बघता हे खरं वाटत नाही. पण सरदेसायांनी खंड विषयवार केले. पानिपतच्या काळातली पत्रं दुसऱ्या खंडात आहेत. उत्तरेच्या राजकारणाची म्हणून एकविसाव्यात आहेत. आणि मागाहून सापडलेली सत्ताविसाव्यात. विषय शोधणाऱ्याला हे बरं. संभाषण शोधणाऱ्यानं मात्र तीन खंड समोर उघडे ठेवायचे, शेजारी राजवाड्यांचा १८९८ चा पहिला खंड ठेवायचा, आणि एका कागदावर तारखा लिहीत जायचं.

मी हे एकदा केलं, एका सुट्टीत, १७६० च्या हिवाळ्यापुरतं. ऑक्टोबरात कुंजपुरा घेतल्याची बातमी दक्षिणेकडं निघते, सगळीकडं उत्साह. नोव्हेंबरात भाऊसाहेबांची छावणी पानिपतला अडकते. डिसेंबरात रसद आणणारे गोविंदपंत बुंदेले मारले जातात. पत्रं विरळ होत जातात. इकडं नानासाहेब पेशवे उत्तरेच्या वाटेला लागलेले, आणि त्यांच्याकडचं बोलणं चालूच आहे, समोरून उत्तर येईल अशा भाषेत. १४ जानेवारी १७६१, पौष शुद्ध अष्टमी, बुधवार. पेशव्यांना बातमी कळली ती दहाएक दिवसांनी, भेलशाजवळ. तारखांच्या कागदावर हे दहा दिवस बघणं फार जड जातं. खंडांत विषयवार वाचताना ते जाणवत नाहीत, कारण एका खंडात लढाई असते आणि दुसऱ्यात पेशव्यांचा प्रवास. एका ओळीत आणले की कळतं, या दिवसांत माणसं मेलेल्या माणसांशी बोलत होती.

*

एवढं सगळं लावून झाल्यावर लिपीच बदलली.

मुंबई सरकारनं १९१७ मध्ये कारभारासाठी मोडीऐवजी बाळबोध घ्यायचं ठरवलं. कारणं पटण्याजोगी होती. मोडी हात न उचलता भराभर लिहायची लिपी. आधी आडवी रेघ मारून घ्यायची आणि तिच्याखाली अक्षरं लोंबकळवत जायची. दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, विरामचिन्ह नाही, प्रत्येक कारकुनाचं वळण वेगळं. छापखान्याला ती कधीच मानवली नाही. बाळबोध स्वच्छ, शाळेत आधीपासून चालणारी. मी तेव्हा त्या समितीत असतो तर मीही बाळबोधीलाच मत दिलं असतं.

पण नवी मांडणी करणारा नेहमी पुढचे कागद बघतो, मागचे नाही. मोडी एका दिवसात गेली नाही. शाळांत ती पुढं काही दशकं शिकवली जात होती, आणि व्यापारी, दिवाणजी, म्हातारी माणसं मोडीतच लिहीत राहिली. आमच्या घरात पणजोबा फक्त मोडी लिहीत, आजोबा दोन्ही वाचत पण लिहीत बाळबोध, वडिलांना मोडी म्हणजे आजोबांच्या सहीतली वेलबुट्टी. तीन पिढ्या, आणि एकोणचाळीस कार्डं चित्रं होऊन बसली. भाषा तीच. कार्डातला प्रत्येक शब्द मोठ्यानं वाचला तर आजीला कळतो. फक्त तो वाचायला घरात कुणी उरलं नाही.

मोडी वाचणाऱ्यांची किंमत अलीकडं अचानक वाढली ती कुणबी नोंदींमुळं. २०२३ मध्ये सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि तहसील कचेऱ्यांतले मोडी कागद बाहेर निघाले. आमच्या वर्गात तेव्हा बाकं पुरेनात. शिकवणारे सर म्हणायचे, “लोकांना एक शब्द वाचायचा असतो. तो सापडला की वही बंद.” सरांना ते खटकायचं, मला तेवढं नाही. पोराच्या ॲडमिशनचा प्रश्न असताना शेजारच्या ओळीत काय आहे ते कोण वाचत बसेल?

माझ्या धंद्यातले लोकही आता यात उतरलेत. २०१४ मध्ये मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली. २०२५ मध्ये आयआयटी रुरकीच्या मंडळींनी मोडीचं देवनागरीत लिप्यंतर करणारं मॉडेल आणि दोन हजारांवर पानांचा संच पुढं आणला. माझी कार्डं मी अजून कुठल्याही मॉडेलला दिलेली नाहीत. देईन. पण अक्षर ओळखणं हा यातला सोपा भाग आहे, असं मला आता वाटतं. ‘मागील कार्डात लिहिल्याप्रमाणे करू नये’ हे वाक्य मी पूर्ण, एकही अक्षर न चुकता वाचलंय.

*

कार्डाकडं परत येतो. त्यावर पाचव्या जॉर्जचा शिक्का आहे, म्हणजे १९११ ते १९३६ च्या आसपासचं. वैशाख वद्य तृतीया आणि गुरुवार हे एकत्र किती वर्षी येतात ते काढायला मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. मोडकांची जंत्री १८८९ ला थांबते, पण तिच्या शेवटच्या पन्नास वर्षांवर मी तो आधी तपासून घेतला. एक दिवस इकडं-तिकडं धरून चार वर्षं उरली. मग गठ्ठ्यातल्या इतर कार्डांतले गुळाचे आणि तंबाखूचे भाव लिहून काढले, एका कार्डात आजोबांच्या मुंजीची तयारी सापडली, आणि चारांतली दोन गेली. दोन आहेत. मागचं कार्ड मात्र गठ्ठ्यात नाही हे आता नक्की झालंय. पणजोबांनी ते फाडलं असेल, किंवा दाखवायला कुणाकडं नेलं असेल.

पत्र ज्याला जातं त्याच्याकडं राहतं. म्हणजे पणजोबांनी दिलेली उत्तरं निपाणीत असायला हवीत, आणि जुन्या वळणाचा दिवाणजी उत्तर देताना समोरच्याचं म्हणणं आधी पुन्हा लिहितो. थोरल्या पणजोबांच्या नातवाचा नंबर तीन माणसांकडून फिरत मिळाला. फोन केला. सत्तरीचे आहेत. मी कोण हे सांगितल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “कोल्हापूरचे होय? आमच्यात तुमचं नाव काढत नव्हते बघा.” मी कागदांचं विचारलं. त्यांची शाळा कन्नडमधून झाली, मराठी घरातली. मोडीचा प्रश्नच नाही. “एक पेटी हाय वर. पोरं भंगारात द्या म्हणत्यात. मी म्हटलं, असू दे, काय लिहिलंय कुणाला ठाऊक.”

पेटीला हात लावू नका, मी येतो, एवढं सांगून मी फोन ठेवला. येत्या रविवारी मोडी वर्गाला दांडी आहे. आजी म्हणाली, “मी बी येती.” गुडघ्याचं काय, म्हटलं, तर म्हणाली, “गुडगं गाडीत बसत्यात.”